पणजोबांचा रजेचा अर्ज, अर्धा समास आणि इंग्रजी अमदानीतली खर्डेघाशी

गिरगावचा_खर्डेघाशा

घर रंगवायला काढलं की माळा उपसावा लागतो, आणि माळा उपसला की रंगकाम आठ दिवस लांबतं. या वेळी पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाला, आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा निघाला. रंगारी खोळंबलाय आणि मी त्यातला एक फुलस्केप कागद तीन दिवस पुन्हा पुन्हा बघतोय.

पणजोबा फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. कागद म्हणजे त्यांच्या रजेच्या अर्जाचा खर्डा, मार्च १८९७ चा, इंग्रजीत. कागद उभा मधोमध दुमडलेला. उजव्या अर्ध्यात मजकूर, डावा अर्धा कोरा. सुरुवात 'सर, आय हॅव द ऑनर टु' अशी, शेवट 'युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'. म्हणजे रजा मागणं हाही एक बहुमान!

मधे मजकुराच्या सहाच ओळी आणि त्यात पाच खाडाखोडी. आधी लिहिलंय, आई आजारी आहे. खोडलं. मग लिहिलं, आईला तीन दिवस ताप आहे. तेही खोडलं, आणि असं गिरवून खोडलंय की टाकाचं टोक कागदातून आरपार गेलंय. शेवटी काय ठेवलं? 'अपरिहार्य घरगुती कारणास्तव'.

पहिल्या दिवशी मला वाटलं, इंग्रजी चांगलं वाटावं म्हणून केलं असेल. दुसऱ्या दिवशी तारखेकडे नजर गेली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे पहिले रोगी सापडले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला (हाच कायदा २०२० मध्ये आपल्यालाही लागू झाला). मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली मुंबईची प्लेग कमिटी बसली. घरोघर तपासणी, रोग्याला इस्पितळात हलवणं, घरात जंतुनाशक फवारणं, सामान जाळणं. त्या महिन्यात सरकारी कचेरीत, साहेबाच्या टेबलावर जाणाऱ्या कागदावर 'ताप' हा शब्द लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने पथकाला घरचा पत्ता देणं.

सरकारी भाषा कोरडी का असते, हे मला इथं कळलं. बोललेला शब्द हवेत जातो. अर्जातल्या शब्दाला आवक नंबर पडतो, तो चार टेबलांवरून फिरतो आणि मागे घेता येत नाही. 'अपरिहार्य घरगुती कारण' हे शब्द रुक्ष नाहीत हो, ते दाराला लावलेली कडी आहेत.

दोन प्रश्न. डावी बाजू कोरी का सोडली असेल? कागद वाचवायचे ते दिवस, पणजोबा वाणसामानाची यादीही लग्नपत्रिकेच्या पाठीवर करणारे. आणि तुमच्याकडे असे कागद आहेत का?

निवृत्त_कक्षअधिकारी

डावी बाजू साहेबाची. तिला अर्धा समास म्हणतात. कारकुनाने उजवीकडे लिहायचं, वरच्याने डावीकडे शेरा मारायचा, त्याच्या वरच्याने त्याखाली. एकाच कागदावर मागणी, चौकशी, मत आणि हुकूम. खालून वर आणि परत खाली असा प्रवास झाला की त्या कागदाचं आपोआप प्रकरण होतं. तुमच्याकडे खर्डा आहे म्हणून समास कोरा. शुद्ध प्रत गेली असणार आणि ती आता कुठल्या दफ्तरात असेल ते देव जाणे.

मी मंत्रालयात एकतीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आजचा कुठलाही शासन निर्णय काढून बघा. वर विषय, मग विभाग, मग 'वाचा' असं लिहून आधीच्या पत्रांची आणि निर्णयांची यादी. मग प्रस्तावना, मग निर्णय, शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. नोकरीला लागलो तेव्हा मला वाटायचं, 'वाचा' हे कोणाला सांगतायत? मला? पुढे जुने रेव्हेन्यू खात्याचे कागद हाताळायचा योग आला तेव्हा उलगडलं. मुंबई सरकारचे ठराव असेच सुरू व्हायचे : 'रेड' (Read), खाली अमुक कलेक्टरचं पत्र, अमुक कमिशनरचा शेरा, आणि मग 'रेझोल्यूशन'. ते 'वाचा' आज्ञार्थी नाहीच मुळी. गव्हर्नर इन कौन्सिलने हे कागद वाचले आणि मग ठराव केला, असा अर्थ. भाषांतर करताना 'वाचले' चं 'वाचा' झालं आणि गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे एकमेकांना वाचायचा हुकूम सोडतोय.

आणखी एक. मद्रासकडे सरकारचा कागद निघाला की तो 'जी.ओ.', म्हणजे ऑर्डर. आपल्याकडे 'जी.आर.', म्हणजे रेझोल्यूशन. गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलने बसून ठराव केला, हा थाट मुंबई इलाख्याचा. कौन्सिल गेलं, इलाखा गेला, द्वैभाषिक गेलं, जी.आर. तसाच आहे.

कोकणी_विक्षिप्त

'वाचा' म्हणजे 'आम्हाला वाचवा' असं मी समजत होतो.

मोडीवेडी

खर्डेघाशा, कागदाच्या पाठीवर काही आहे का? त्या काळी खर्ड्याची पाठ कोणी कोरी सोडत नसे. असेल तर फोटो टाका.

बाकी कक्षअधिकारी काकांच्या म्हणण्याला जोड देते. वरच्या कचेऱ्यांत इंग्रजी असली तरी मामलेदार कचेरीपासून खाली सगळा कारभार मराठीत, आणि तोही मोडीत. एकच प्रकरण दोन भाषांत वाढायचं. गावचा कुलकर्णी मोडीत लिहिणार, मामलेदार मोडीत शेरा मारणार, कलेक्टरकडे गेलं की गोषवारा इंग्रजीत, वरून हुकूम इंग्रजीत, खाली येताना परत मराठी. साहेबाला रयतेचं म्हणणं कळायचं ते भाषांतर करणाऱ्याला जेवढं कळलं तेवढंच.

शब्द बघा किती टिकलेत. बारनिशी (आवक-जावकीची नोंद), शिरस्तेदार, अव्वल कारकून, चिटणीस, जमाबंदी, शेरा, रुजवात, दाखला. एकही इंग्रजांचा नाही. फारसीतून आले, पेशवाईत मुरले आणि इंग्रजांनी ते बिनबोभाट उचलले. एल्फिन्स्टनला १८१८ नंतर मुलूख चालवायचा होता, नवी परिभाषा घडवायला वेळ कुठे होता? 'दप्तर' तर इतकं घरचं झालं की पहिलीतलं पोर पाठीवर घेऊन जातं. मूळचं दप्तर म्हणजे फडक्यात बांधलेले कागद. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात, अमुक नंबरचा रुमाल काढा असं.

आपण मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम वापरतो तो वारसाही याच काळातला. मेजर कँडी नावाचा इंग्रज अधिकारी सरकारी मराठीवर नजर ठेवून असायचा, त्याने विरामचिन्हं रुजवली. मोडीत त्यांचा पत्ताच नाही. आधी कागदभर शिरोरेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. शाळेतल्या बाईंनी ज्यासाठी माझे गुण कापले ते पेशव्यांचा चिटणीस रोज करत होता.

तिरकसराव

छान चाललंय स्मरणरंजन. जरा पाणी ओततो.

पणजोबा शब्द निवडू शकले कारण त्यांना इंग्रजी येत होतं आणि कुठला शब्द कुठे जाऊन लागतो हे माहीत होतं. ज्याला लिहिताच येत नव्हतं त्याने काय करायचं? कचेरीबाहेरच्या अर्जनविसाला पैसे द्यायचे. आतल्या कारकुनाला द्यायचे. पट्टेवाल्याला द्यायचे, नाहीतर तो आत सोडायचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८० च्या दशकात हेच घसा फोडून सांगितलं : गोरा साहेब आळशी, सगळं हाताखालच्या भट कारकुनांवर सोपवून मोकळा, आणि कुळाच्या नावावर काय लिहिलंय ते कुळाला कळायची सोय नाही. तुम्ही कौतुक करताय त्या कारकुनी मराठीची ही दुसरी बाजू.

वरचेही धुतल्या तांदळाचे नव्हते. आर्थर क्रॉफर्ड, मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, १८६५ चा. ज्याच्या नावाच्या मार्केटात आपल्या आज्या आंबे घ्यायच्या तोच. पुढे तो पुण्याकडे कमिशनर झाला आणि १८८८ मध्ये त्याच्यावर मामलेदारांकडून बदल्या-बढत्यांसाठी पैसे घेतल्याचे आरोप आले. सरकारने मामलेदारांना सांगितलं, खरं सांगा, तुम्हाला अभय. त्यांनी साक्षी दिल्या. आयोगाने लाचेचे आरोप काही मान्य केले नाहीत. हाताखालच्यांकडून कर्जं घेतली एवढं मात्र शाबीत झालं आणि त्याची नोकरी गेली. मग विलायतेत ओरड सुरू झाली की पैसे दिल्याचं कबूल करणारे हे मामलेदार न्यायदानाच्या खुर्चीवर कसे? अभय दिलेल्यांपैकीच काहींना काढायचं ठरलं. टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले ते प्रकरण हे.

तेव्हा कागदावर आलेला शब्द मागे घेता येत नाही हे खरं, पण कोणाला? मामलेदारांना. सरकारने दिलेला शब्द मागे घेता आला.

गिरगावचा_खर्डेघाशा

तिरकसराव, मान्य. पणजोबांचं कौतुक करताना अर्ज न लिहिता येणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे नव्हता.

एक मात्र सांगतो. लिहून देणारे माझ्या लहानपणापर्यंत होते बरं का. जी.पी.ओ.च्या समोर, कबुतरांच्या पलीकडे ताडपत्रीखाली बसणारे पत्रलेखक मी लहानपणी पाहिलेत. बाबांनी एकदा मुद्दाम थांबून ऐकायला लावलं होतं. एक हमाल गावी पैसे पाठवत होता आणि तोंडाने आईला शिव्या घालत होता की सारखे पैसे मागते. लिहिणारा शांतपणे लिहीत होता, 'तीर्थरूप मातोश्रीस शिरसाष्टांग नमस्कार'.

मोडीवेडी, पाठीवर आहे. मला तो गिचमिडकाला वाटला होता. रात्री फोटो टाकतो.

टपालवेडा

अवांतर करतो, राहवत नाही.

सरकारी पाकिटांवर 'ऑन हर मॅजेस्टीज सर्व्हिस' छापलेलं असायचं. तिकिटंही वेगळी. नेहमीच्याच तिकिटांवर १८६६ पासून 'सर्व्हिस' आणि १८७४ पासून 'ऑन एच.एम.एस.' असा काळा छाप मारायचे. कारण साधं : कचेरीतली तिकिटं घरच्या पत्रांना लागू नयेत. आमच्या संग्रहात असं एक अर्ध्या आण्याचं तिकीट लग्नाच्या निमंत्रणाच्या पाकिटावर लावलेलं आहे. कोणीतरी छाप खरवडायचा प्रयत्नही केलाय. कारकून तो कारकूनच.

आणि विलायतेचं टपाल! आगबोटी यायच्या आधी आफ्रिकेच्या केपला वळसा घालून जाणाऱ्या पत्राला चार-सहा महिने लागायचे. मुंबईने विचारायचं, लंडनने उत्तर द्यायचं, तोवर वर्ष सरायचं. गव्हर्नर आधी करून टाकायचा आणि मग परवानगी मागायचा. १८६९ ला सुवेझचा कालवा उघडला, १८७० ला समुद्राखालून तार मुंबईला आली आणि गव्हर्नरांची मजा संपली.

वेळेचाही घोळ होता. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरली, मुंबईचं घड्याळ त्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर गेल्या, म्युनिसिपालिटी हट्टाने 'मुंबई टाइम'वर राहिली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. म्हणजे एका कचेरीतून निघालेला पट्टेवाला दुसऱ्या कचेरीत निघायच्या आधीच पोचायचा.

फोरासवाला

मी इतिहासातला माणूस नाही, मला हा इतिहास चावलाय म्हणून लिहितो.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. एका कचेरीत सांगितलं, जमिनीचा धारणा प्रकार 'फोरास' आहे, त्याचा मूळ कागद आणा. मला वाटलं फोरास म्हणजे रस्ता, फोरास रोड. पाच महिने फिरलो. कोणी म्हणे इथे नाही, कोणी म्हणे साहेब रजेवर. शेवटी एका म्हाताऱ्या सर्व्हेअरने चहा पाजून समजावलं.

मुंबई शहरात सातबारा नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, शहराला गाव कुठलं? इथं सी.एस. (कॅडेस्ट्रल सर्व्हे) नंबर, आणि त्यामागे कर्नल लॉटनची मोजणी, १८६५ ते १८७२ च्या सुमाराची. पण लॉटनने मोजलं ते आधीच्या गोंधळावर. 'फोरास' पोर्तुगीज 'फोरो' वरून, म्हणजे जमिनीचं भाडं. खाजण भरून काढलेल्या जमिनी कमी धाऱ्यावर दिल्या होत्या, १८५१ च्या कायद्याने तिथल्या लोकांचा हक्क पक्का झाला. 'फजिंदारी' हेही पोर्तुगीजच. 'टोका' म्हणजे पूर्वी भाताच्या वाट्यावर असलेली जमीन. आणि 'पेन्शन अँड टॅक्स' म्हणून एक प्रकार आहे, त्याचा निवृत्तिवेतनाशी काडीचा संबंध नाही. ऑन्जियर गव्हर्नर असताना, १६७० च्या दशकात, जमीनवाल्यांनी कंपनीला दरसाल ठरावीक रक्कम द्यायची असा करार झाला, ते हे पेन्शन.

म्हणजे मी २०२० च्या दशकातल्या लिफ्टसाठी पोर्तुगीज शब्दाचा इंग्रजी कायद्याखालचा कागद मराठी अर्ज करून मागत होतो. अर्जावर विषय काय लिहू विचारलं तर कारकून म्हणाला, 'काही लिहा, संदर्भ बरोबर द्या.'

कागद मिळाला शेवटी. मी पहिल्यांदा ज्या टेबलाशी विचारलं, त्यापासून तीन टेबलं सोडून होता.

निवृत्त_कक्षअधिकारी

'संदर्भ बरोबर द्या.' फोरासवाले, त्या कारकुनाने तुम्हाला गुरुमंत्र दिला आणि तुम्हाला कळलाही नाही. संदर्भ म्हणजे जुना नंबर, नंबर म्हणजे बारनिशी, बारनिशीत नोंद म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर जबाबदारी.

जपणुकीचंही सांगतो. प्रकरण मिटलं की त्याला वर्ग लागतो. 'अ' म्हणजे कायम. 'ब' तीस वर्षं. 'क' त्याहून कमी. 'ड' म्हणजे वर्षभरात रद्दी. कारकुनाच्या रजेचा अर्ज काय होणार? 'ड'. त्यामुळे खर्डेघाशा, तुमच्या पणजोबांची शुद्ध प्रत शोधत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखात जाऊ नका. तिथं ठराव मिळतील, मिनिटं (साहेबांची लेखी मतं) मिळतील, कलेक्टरांची भांडणं मिळतील. तुमच्याकडचा खर्डाच काय तो उरला.

मोडीवेडी

तरी जाऊ नका असं म्हणणार नाही मी! चिठ्ठी भरून द्यायची, अमुक खातं, अमुक साल, अमुक व्हॉल्यूम, अमुक कंपाईलेशन, आणि वाट बघायची. पहिल्यांदा गेले तेव्हा आणून दिलेला व्हॉल्यूम उघडला आणि कडेच्या कागदाचा बिस्किटासारखा तुकडा पडला. माझ्या हातून सरकार पडल्यासारखा चेहरा झाला माझा. तिथल्या बाईंनी तुकडा उचलून शांतपणे जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, रोज पडतो.

फोटो आला. खर्डेघाशा, ही यादी आहे. माझ्या वाचनाप्रमाणे :

बोट माणसे २
कापूर
सुंठ
धोतरजोडी १
पोष्टकार्डे ४, आणा १
पटेवाला ब॥, पुढे दोन आडव्या रेघा

आडवी रेघ म्हणजे आणा, दोन रेघा म्हणजे दोन आणे. पोस्टकार्ड पाव आण्याला होतं, तेव्हा चाराला एक आणा बरोबर जुळतो. बोट म्हणजे कोकणची आगबोट असणार, आणि माणसं दोन. आईला घेऊन निघाले की हो ते! ताप असलेलं माणूस धक्क्यावरच्या डॉक्टरसमोरून कसं नेलं असेल?

तिरकसराव

पटेवाला, दोन आणे. मी काही म्हणत नाही.

मोडीवेडी

थांबा थांबा. 'ब॥' हे बक्षीसही असू शकतं आणि 'बद्दल'ही. हिशेबात 'बद्दल' असंच तोडून लिहितात. पट्टेवाल्याकडून उसने घेतले होते ते परत केले असतील.

तिरकसराव

कारकून पट्टेवाल्याकडून उसने घेतो? ताई, तुम्ही मोडी वाचता, माणसं वाचत नाही.

निवृत्त_कक्षअधिकारी

घेतो. महिनाअखेरीस मी स्वतः घेतलेत, आणि आमचा पट्टेवाला नाईक व्याजही लावायचा.

गिरगावचा_खर्डेघाशा

आत्याला फोन केला. तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं एवढंच, की म्हातारी गुहागरला गेली आणि पुढे बरीच वर्षं जगली. पट्टेवाल्याचं तिला काही माहीत नाही. रंगारी विचारतोय पेटी परत माळ्यावर ठेवू का. अजून दोन कागद मोडीत आहेत, मोडीवेडी, त्यांचे फोटो उद्या टाकतो. एकावर लाखेचा डाग आहे.